निळ्या दिव्याची हवा

मल्लिकार्जुन जवळ आला आणि दिवा लाल झाला. एवढंच झालं. नांदेडच्या वजिराबादेतल्या त्या दुकानात भरदुपारी गिऱ्हाईक नव्हतं, बाहेर रस्ता उन्हानं पांढरा पडला होता, आणि कूलरांच्या दोन रांगांमध्ये, कोणी चुकून आणून ठेवल्यासारखी, हवा शुद्ध करायची तीन यंत्रं उभी होती. त्यातल्या एकासमोर रुद्राणी बराच वेळ थांबली होती. यंत्राच्या कपाळावर बोटाच्या पेराएवढा दिवा होता आणि तो निळा होता. निळा म्हणजे हवा साफ, लाल म्हणजे खराब, बाकी आपण काही बघायचं काम नाही, असं दुकानदारानं सांगितलं होतं. मल्लिकार्जुन, तिचा नवरा, गाडी सावलीत लावून आत आला, खांद्यावरचा रुमाल झटकून मान पुसली आणि "झालं का पसंत?" म्हणत यंत्रावर वाकला. आतला पंखा एकदम घुमायला लागला. दिवा जांभळट झाला, मग लाल. दुकानदार हसला. "काय साहेब, काय लावून आलात अंगाला? लई कडक दिसतंय." मल्लिकार्जुनानं आधी यंत्राकडे बघितलं, मग स्वतःच्या बाहीकडे. बाही नाकाशी नेऊन हुंगली. त्याला काहीही आलं नसणार हे रुद्राणीला माहीत होतं. तरी तो मागं सरकला, आणखी मागं, पार कूलरांच्या पलीकडे. पंखा हळूहळू शांत झाला, दिवा पुन्हा निळा झाला, आणि मल्लिकार्जुन तिथूनच तिच्याकडे बघत हलक्या आवाजात म्हणाला, "खरंच हाय की गं."

हे शब्द ऐकायला रुद्राणी लग्न झाल्यापासून थांबली होती. मग आनंद व्हायला नको का? तो झाला नाही. तिनं सांगितलं होतं. पहिल्या वर्षी लाजत, मग हसत, मग चिडून, मग रडून, आणि शेवटी एक शब्द न बोलता नाकाला पदर लावून सांगितलं होतं, की खालच्या दुकानाचा वास वर येतो आणि माझं डोकं धरतं, छाती आवळते, तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव येते. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. खाली शेतीच्या औषधांचं दुकान, वर राहायच्या खोल्या, मधे लाकडी जिना. मल्लिकार्जुनाच्या आजोबांनी घातलेलं दुकान, फवारणीच्या बाटल्या, भुकट्यांचे पुडे, बियाणांच्या पिशव्या. त्या घरातली नाकं त्याच वासात जन्मली आणि त्यातच मुरली, त्यामुळे घरच्यांना तो वास आहे हेच मुळी माहीत नव्हतं. "मला तर काय येत न्हाई," असं मल्लिकार्जुन म्हणायचा, आणि लबाडीनं नाही, खोलीभर फिरून, कोपऱ्याकोपऱ्यात हुंगून म्हणायचा. एखाद्या वेळी वैतागला की म्हणायचा, "तुझ्या मनात बसलंय ते." आणि आज एका टिकलीएवढ्या दिव्यानं एकदा सांगितलं तर ह्या माणसाला लगेच पटलं. रुद्राणीला त्या दिव्याचा राग आला. सवत आली असती तर तिचा आला असता तेवढा.

दुकानदार मात्र रंगात आला होता. दिल्लीत ह्या मशिनी लई चालतात, आपल्याकडं कोण घेतंय, तुम्ही पहिल्याच, असं म्हणत त्यानं दुसरं यंत्र पुढं ओढलं. त्यात पाणी भरायचं, म्हणजे हवा धुवून निघते. "रोज भरायचं?" तिनं विचारलं. रोज, जास्त नाही, एक बादली. मल्लिकार्जुन कूलरांच्या पलीकडून म्हणाला, "आमच्या लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येऊन राहिलंय मालक, अन् आम्ही हवा धुवत बसावं?" यावर तिघंही हसले आणि ते यंत्र मागं गेलं. तिसऱ्याला एक जादा बटण होतं. दुकानदारानं ते दाबलं, "बघा, ताजी हवा," म्हणाला, आणि रुद्राणीच्या दाढा ठणकल्या. जवळपास वीज पडल्यावर येतो तसा काहीसा तिखट वास. तिनं ते बंद करायला लावलं. सबंध हिवाळा तिनं इथं नांदेडला, भावाच्या घरी, मोबाइलवर हेच वाचण्यात घालवला होता. हा ताजेपणा म्हणजे स्वतःच एक वायू असतो आणि तो छातीला चावतो. बारीक जाळी धूळ धरते, पण वास तिच्यातून आरपार जातो. वासाला कोळसा लागतो, आणि तो भरपूर लागतो, काळ्या कापडाची एक पातळ पट्टी लावून भागत नाही. किती कोळसा आहे हे दुकानदाराला सांगता येईना. तेव्हा रुद्राणीनं पहिलंच यंत्र, तेच निळ्या दिव्याचं, दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि जमिनीवरून उचलून बघितलं. बाजारात माणसं कलिंगड उचलून बघतात तसं. ते चांगलंच जड होतं, म्हणजे आत कोळसा होता. नाइलाजानं ती म्हणाली, "हेच द्या." दुकानदारानं वर गुलाबाच्या वासाची एक वडी फुकट दिली, यंत्रात ठेवायला. ती तिनं दोन बोटांच्या चिमटीत धरून त्याच्याच टेबलावर परत ठेवली.

कोळसा दाखवायला म्हणून दुकानदारानं मागचं झाकण काढलं. मधाच्या पोळ्यासारखे खण आणि त्यांत काळे बारीक दाणे. रुद्राणीनं बोट फिरवलं, बोट काळं झालं. हा कोळसा वाऱ्यावर येईल ते सगळं पोटात घेतो, आणि पोट भरलं की मग घेत नाही, उलट थोडं थोडं माघारी देतो. काळ्या बोटाकडे बघता बघता तिला वाटलं, लहानपणी आपणही असंच सगळं घेत होतो. लातूर जिल्हा झाला त्याच साली ती जन्मली. वडील शंकरप्पा कचेरीत कारकून, उस्मानाबादेहून नव्या जिल्ह्याला बदलून आलेले, आणि आल्यागेल्याला सांगायचे, "माझ्या घरात एका साली दोन लेकरं झाली, एक ही अन् एक जिल्हा." दोन्ही लेकरं बरोबरच वाढली. जिल्ह्याला रंग द्यायचं काम पुढं कितीतरी वर्षं चाललंच होतं, दारं, खिडक्या, कपाटं, पाट्या, आणि वडील संध्याकाळी परतायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला ऑइलपेंटचा, टर्पेंटाइनचा, ओल्या चुन्याचा वास असायचा. ती पळत जाऊन त्यांच्या पोटात तोंड खुपसायची आणि श्वास ओढायची, खोल, तळापर्यंत. नव्या गावाचा वास असाच असतो असं तिला वाटायचं. रॉकेलचा वास तिला आवडायचा, शाळेतल्या स्पिरिटच्या दिव्याचा आवडायचा, नव्या दप्तराचा तर इतका, की ती ते उशाशी घेऊन निजायची. आणि लग्न झाल्यावर मल्लिकार्जुनाच्या मानेपाशी जो उग्र, गोडसर, लसणाच्या जवळ जाणारा वास तिला पहिल्यांदा आला, तोही आवडला होता. हे ती आता कोणाला सांगू शकली नसती. तिला वाटलं होतं, नवऱ्याचा वास असाच असतो. पुढं कधीतरी पोट भरलं. कोणत्या दिवशी ते कळलं नाही, पण भरलं, आणि मग अगरबत्ती, फिनेल, शेजारणीच्या साडीचं अत्तर, लग्नाच्या मांडवातली फुलं, एकेक करून सगळ्यांनी तिच्याशी वैर धरलं. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, त्या साफ निघाल्या. काहींचं शरीर असं होऊन बसतं, ते म्हणाले, खोटं काही नाही यात, पण गोळीही नाही, ज्याचा त्रास होतो त्याच्यापासून लांब राहा. ज्याचा त्रास होतो तो बाहेर बाकावर बसून तिच्यासाठी शहाळं धरून होता, हे डॉक्टरांना कुठं माहीत.

यंत्र मल्लिकार्जुन एकटाच लातूरला घेऊन गेला. ती मागं राहिली, कारण नव्या यंत्राच्या प्लास्टिकलाही वास असतो, तो उडेपर्यंत खिडक्या सताड उघड्या ठेवून ते चालू ठेवायचं होतं. तिनं हे त्याला दोनदा सांगितलं आणि त्यानं आज्ञाधारकासारखी मान हलवली. ह्या यंत्रानं जमलं तर ती घरी जाणार होती. नाही जमलं तर काय, हे कोणी बोलत नव्हतं. दिवाळीनंतर ती भावाकडे आली होती ती अजून इथंच होती, आणि भाऊ रेवणसिद्ध चांगला, भावजय त्याहून चांगली, पण आजकाल भावजय स्वयंपाकघरात कांदा परतायच्या आधी तिला विचारून दार लोटून घ्यायची, आणि विचारताना हसायची. त्या हसण्यानं रुद्राणीला आपण ह्या घरात किती जागा अडवतो ते कळायचं. खरं म्हणजे लातुरातही ओढूनताणून निभत होतं. मल्लिकार्जुन दुकान बंद केलं की मागच्या न्हाणीत अंघोळ करून, संध्याकाळची लिंगपूजा करायची म्हणून, स्वच्छ होऊनच वर यायचा. ती अंघोळ देवासाठी होती, पण तिच्यावर श्वास रुद्राणीचा चालला होता. ह्या वर्षी दिवाळीच्या आधीच पाणी संपलं. मांजरा नदीचं धरण आटलं, नळ आटले, टँकर आले, आणि ती नांदेडला आल्यावर तर रेल्वे. संध्याकाळच्या अंघोळीचं नाव काढायची सोय राहिली नाही. मल्लिकार्जुन ओल्या फडक्यानं हातपाय पुसून, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढून वर येऊ लागला. विभूती लावली की अंघोळ घडली, असं सासूबाई पार्वतम्मांचं म्हणणं होतं, आणि देवाला ते चाललं. रुद्राणीच्या छातीला चाललं नाही. त्यात पेरण्या बुडाल्यानं माल खपला नव्हता, खोकी दुकानातून ओसंडून जिन्याखाली आली होती. गावाबाहेर बार्शी रोडला त्यांचं एक पत्र्याचं शेड मोकळं पडलं होतं, पण आजोबांच्या जागेवरून माल हलवायची गोष्ट काढली की मल्लिकार्जुन ताटावरून उठायचा, आणि मग तिला पुढं बोलवत नसे.

पार्वतम्मांनी मात्र कधी शंका घेतली नव्हती. "माझ्या बहिणीला शेंगदाणा खाल्ला की अंगभर गांधी उठायच्या," त्या म्हणायच्या, "तसं असतंय एकेकाचं. त्यात इचारायचं काय?" दर सोमवारी घरभर ऊद फिरवायची त्यांची सासूपासूनची रीत होती. ती त्यांनी सुनेसाठी सोडली, धुपाटणं धुऊन माळ्यावर पालथं घातलं. यंत्राची कल्पनाही त्यांचीच. टीव्हीवर बघितलं आणि मुलाच्या मागं लागल्या, "मशीन आण, पण माझी सून घरी आण."

रोज दुपारी मल्लिकार्जुनाचा फोन यायचा. आज दिवा लाल हाय. आज जांभळा. आज सकाळपासून निळा हाय गं, हललाच न्हाई. तो पिकाबद्दल बोलावं तसं दिव्याबद्दल बोलायचा. फोन ठेवला की रुद्राणी खिडकीशी पडून राहायची, पडद्यातून आलेला उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलायचा, आणि लातूरची ती वरची खोली तिला दिसायची: मोकळी, खिडक्या उघड्या, मधोमध निळा दिवा, आणि माणूस कोणी नाही. म्हणून तर निळा आहे, तिच्या मनात यायचं. स्वच्छ हवा म्हणजे ज्या हवेत कोणी नाही ती. मग तिला डुलकी लागायची आणि डुलकीत वडील त्या खोलीच्या दाराला हिरवा रंग देत असायचे, आणि रंगाला वास नसायचा.

मल्लिकार्जुन तिला न्यायला आला तेव्हा आधी रेवणसिद्धच्या न्हाणीघरात गेला. नांदेडला पाणी होतं. हरभऱ्याच्या पिठानं अंग चोळून त्यानं दोन बादल्या अंगावर घेतल्या, तिच्या भावाचे धुतलेले कपडे घातले, आणि गाडीत तिच्याशेजारी येऊन बसला. त्याला कसलाच वास नव्हता. रुद्राणी चोरून त्याच्याकडे बघत राहिली. नाक, कान, हाताची बोटं, सगळं ओळखीचं, आणि तरी कोणी परका माणूस आपल्याला कुठंतरी घेऊन चाललाय असं तिला लोहा गावापर्यंत वाटत राहिलं. बाहेर रानं उघडी पडली होती, मातीचा रंग उडाला होता. तो भरभरून बोलत होता. यंत्रानं त्याला वेड लावलं होतं. "मी तपासून बघितलं रुद्रा. भुकटीचा पुडा जवळ नेला, तर काय घुमलं म्हणतेस. साखर नेली, तर गप्प. मग पातळ औषधाची बाटली नेली, झाकण उघडून धरली, तरीबी गप्प. निळाच. म्हणजे पातळाचं काय न्हाई बघ, तुला तरास हाय तो भुकटीचा. भुकट्या सगळ्या मागच्या खोलीत ढकलल्या मी."

"त्या दिव्याला धूळ दिसते," ती म्हणाली. "वास दिसत न्हाई."

"असं कसं? तेवढ्यासाठीच तर बनवलंय त्याला." आणि तो प्रेमानं हसला, शाळेत हुशार निघालेल्या मुलाबद्दल बाप हसतो तसा.

शिरूर ताजबंदला चहाला थांबले तेव्हा टपरीवर वाद रंगला होता. उदगीर वेगळा जिल्हा होणार म्हणून लोक हातावर टाळ्या देऊन बोलत होते, कचेऱ्या कुठं बसतील, कोणतं गाव कुणाकडं जाईल. एक म्हातारा मधेच म्हणाला, "आधी पाणी येऊ द्या बाबा, मग जिल्हा येऊ द्या." रुद्राणी गाडीत काच वर करून बसली होती. पलीकडे कोणी ट्रकच्या फळीला रंग देत होता, निळा, आणि काचेतून तो तिला नुसता दिसत होता. तिला वाटलं, होईलही तो जिल्हा, आणि तिथंही एखादी पोरगी बापाच्या सदऱ्यात तोंड खुपसून तो वास घेईल. एक दिवस पोट भरतं, हे तिला कोणी सांगणार नाही. चहा गार होईपर्यंत तिनं कप हातात धरला आणि मग प्यायला.

दारात पार्वतम्मा उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळला, आणि पायावर घालायला पाणी नव्हतं म्हणून नुसती ओली बोटं तिच्या डोळ्यांना लावली. "वर जा माय," त्या म्हणाल्या, "सगळं झ्याक ठेवलंय तुझ्यासाठी." बोलताना काहीतरी गुपित असल्यासारखं त्यांचं तोंड फुललं होतं. रुद्राणी नाकाला पदर लावून दुकानातून झरझर जिन्याकडे गेली, एक श्वास खाली कोंडून वर घेऊन गेली. खोली सारवल्यासारखी नेटकी होती. उन्हामुळं खिडक्या आता लावून घेतल्या होत्या. कोपऱ्यात यंत्र होतं, दिवा निळा होता, आणि दिव्याच्या वर, यंत्राच्या कपाळावर, विभूतीचे तीन पट्टे होते. ते बघून तिला हसू आलं. आपल्याच घरातलं एक माणूस झालंय की हे, तिला वाटलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि कोंडलेला श्वास सोडला.

पहिला श्वास काहीच नव्हता. नुसती हवा. इतकी नुसती, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा, तिसरा. मग त्या नुसतेपणाच्या तळाशी काहीतरी हललं. सोमवार, असं तिला वाटलं. आज सोमवार नव्हता. मठात जमलेल्या बायका, त्यांच्या मधून फिरणारं धुपाटणं, आईच्या पदराला धरून उभी असलेली ती, समईचा उजेड, आणि कोणीतरी कानडीत काहीतरी पुटपुटतंय. इतकं गोड वाटलं, की ती त्या आठवणीत थोडी आत सरकलीसुद्धा. मग ती घाबरली. खोलीत धूर नव्हता. माळ्यावर धुपाटणं होतं तसंच पालथं होतं. दिवा निळा होता. तुझ्या मनात बसलंय ते, मल्लिकार्जुनाचा जुना आवाज तिच्या कानात म्हणाला, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, असेल. खरंच असेल. इतकी वर्षं मीच हे सगळं रचत आले असेन, वडिलांचा सदरा, नवऱ्याची मान, सगळं. ती किती वेळ बसली कोण जाणे, भिंतीवरचं ऊन सरकत गेलं, आणि मग जिभेवर तांब्याचा पैसा आला. छाती आवळायला लागली. मन फसवेल, पण जीभ कशाला फसवेल? ती उठली, यंत्राशी गेली, वरच्या जाळीवर तोंड धरलं, आणि तिथून ऊद आला. गार, शिळा, धुराशिवायचा ऊद.

मल्लिकार्जुन तिची कपड्यांची पिशवी वर घेऊन आला होता, अंगात अजून रेवणसिद्धचेच बिनवासाचे कपडे होते. तो उंबऱ्यावर थांबला आणि आधी दिव्याकडे बघितलं. मग समाधानानं आत आला.

"ह्याच्यातून ऊद येऊन राहिलाय," ती म्हणाली.

त्यानं गुडघ्यांवर हात टेकून, देवाकडे वाकावं तसं, वाकून दिवा जवळून बघितला. मग हुंगलं. मग पुन्हा दिवा. "निळा हाय की," तो म्हणाला.

त्याच्यामागं दारात पार्वतम्मा येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. रुद्राणीनं पिशवी उचलली, जी अजून उघडलीच नव्हती. तिला राग आला नव्हता, ह्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. फार थकवा आला होता. जन्मभर एकच वाक्य सांगत राहायचं आणि दर वेळी त्याला साक्षीदार मागितला जायचा, त्याचा थकवा.

"मला नांदेडला सोडा."

"आगं पण निळा..."

"निळा हाय. मला दिसतंय. माझे डोळे चांगले हायत." तिचा आवाज चढला नाही. "मी काय म्हणते ते तुम्हाला ऐकू येतंय का, तेवढं सांगा."

मल्लिकार्जुन उभाच राहिला. दिव्याकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं. पुन्हा दिव्याकडे नजर गेली, ती त्यानं ओढून परत आणली, ओढताना त्याला जड गेलं ते दिसलं. तिच्या ओठांचा रंग उडाला होता, श्वास तोकडा येत होता. हे सगळं गेली कित्येक वर्षं त्याच्यासमोर होतं आणि तो कोपऱ्याकोपऱ्यात हुंगत फिरत होता. आता तो पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघत राहिला, नीट, बियाणं हातावर घेऊन बघतो तसा, घाई न करता. मग तो वाकला आणि भिंतीतून यंत्राचा प्लग ओढून काढला. निळा दिवा गेला. त्यानं एकामागून एक खिडक्या उघडल्या, बाहेरची तापलेली, धुळकट, साधी हवा भसकन आत आली.

तेव्हा पार्वतम्मा बोलल्या. "मीच घातला रं ऊद." आणि त्या दारातच खाली बसल्या. नवी वस्तू घरात आली, तिला ऊद दाखवल्याबिगर कसं सुरू करायचं? विभूती लावली, बेल वाहिला, नारळ फोडला. आणि मनात आलं, हे तर धूर खाणारं मशीन, ह्याच्यासमोर ऊद जाळला तर सुनेला काय तरास व्हायचा, उलट ह्याच्या पोटात जाईल. किती दिवसांनी धुपाटणं काढलं होतं. दिवा लालभडक झाला, पंखा घुमायला लागला, त्यांना वाटलं, अंगात आलं मशिनीच्या, मान्य झाली पूजा. म्हणून आणखी घातला. मग धुपाटणं धुऊन होतं तिथं ठेवलं. "मला काय ठाऊक माय, ते खाऊन माघारी देतंय."

"अत्याबाई, आत कोळसा हाय," रुद्राणी म्हणाली. खिडकीशी उभी राहून ती लांब श्वास घेत होती. "तुमचं काय चुकलं? त्याचं पोट भरलं, बस." आणि म्हणता म्हणता तिला रडू आलं, कारण तिच्या ध्यानात आलं की प्लग आधी निघाला होता आणि ऊद कोणी घातला ते मागून कळलं होतं. ह्याच क्रमानं झालं होतं. उलट्या क्रमानं झालं असतं तर ती आज गेली असती, आणि कदाचित परत आली नसती. मल्लिकार्जुनाला यातलं काही उमगलं की नाही कोण जाणे. तो उंबऱ्यावर, आईच्या शेजारी, पाय जिन्याच्या पायरीवर सोडून बसला होता.

"अजून काय येतंय?" त्यानं विचारलं.

असं त्यानं कधी विचारलं नव्हतं. तिनं डोळे मिटले. नवं प्लास्टिक, थोडंसं, तेही उडत चाललंय. अत्याबाईंच्या हाताचा नारळ. आणि खालून, फळ्यांच्या फटींतून, ते. ते नेहमीचं.

"कुठून?"

"जिन्याखालून. डाव्या अंगानं."

तो उठून खाली गेला. ती जिन्याच्या वरच्या तोंडाशी आली, पाठीवर खिडकीतला वारा होता. खाली अर्धवट अंधारात मल्लिकार्जुन खोक्यांमध्ये उभा होता आणि त्याला कशाचाही वास येत नव्हता. त्यानं एक खोकं उचललं, वर तिच्या दिशेनं धरलं आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. "हे?"

"न्हाई."

"हे?"

"त्याच्या मागचं."

मागचं खोकं त्यानं ओढलं तर त्याचा तळ ओला होता, पातळ औषधाची एक बाटली बूच ढिलं होऊन कधीपासून झिरपत होती. तो हातातल्या ओल्या पुठ्ठ्याकडे बघत राहिला. पातळाचं काय न्हाई, असं म्हणाला होता तो. मग त्यानं ते खोकं लांब हातावर धरून गल्लीत नेऊन ठेवलं, हात मातीनं खसाखसा चोळले, आणि परत येऊन तिथंच उभा राहून, कोणाकडे न बघता म्हणाला, "सगळंच शेडात न्यावं लागंल गं."

"हाव," ती म्हणाली.

पार्वतम्मा मागं बसून यंत्राच्या कपाळावरची विभूती पदरानं पुसत होत्या. खाली आजोबांच्या जागेवर मल्लिकार्जुन पुढच्या खोक्यापाशी वाकला. आता त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं, वर धरलं आणि थांबला.

"हे?"

रुद्राणीनं श्वास घेतला आणि सांगितलं.